लिली पार: मैदानं बंद झाली, तरी तीस वर्षं खेळत राहिली

१९२० सालचा नाताळ नुकताच होऊन गेला होता. सुट्टीचा दिवस होता. इंग्लंडमधल्या लिव्हरपूल शहरात गुडिसन पार्क नावाचं फुटबॉलचं मोठं मैदान आहे. त्या दिवशी मैदानाकडे जाणारे सगळे रस्ते माणसांनी भरून गेले होते. आत ५३ हजार लोक बसले आणि दरवाजे बंद करावे लागले. हजारो लोक बाहेरच अडकले, त्यांना सामना बघायलाच मिळाला नाही.

एवढी गर्दी कशासाठी? तर बायकांचा फुटबॉल सामना बघायला. एका बाजूला प्रेस्टन गावच्या कारखान्यातल्या मुलींचा संघ, दुसऱ्या बाजूला सेंट हेलेन्सचा संघ. प्रेस्टनच्या संघात डाव्या बाजूला खेळणारी एक पोरगी होती. उंचीपुरी, काळेभोर केस, डाव्या पायात विलक्षण ताकद. वय अवघं पंधरा. नाव लिली पार.

त्यानंतर वर्ष पूर्ण व्हायच्या आत इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेनं आपल्या सगळ्या मैदानांचे दरवाजे बायकांसाठी बंद केले. ते पन्नास वर्षं बंदच राहिले. लिली मात्र खेळायची थांबली नाही. ती पुढं तीस वर्षं खेळली. नोकरी करून खेळली, उद्यानात खेळली, जिथं जागा मिळेल तिथं खेळली. तिची ही गोष्ट आहे.

काचेच्या गावातली पोर

लिलीचा जन्म २६ एप्रिल १९०५ चा. गाव सेंट हेलेन्स. लिव्हरपूल आणि मँचेस्टर या दोन मोठ्या शहरांच्या मधलं हे गाव काचेच्या कारखान्यांसाठी आणि कोळशाच्या खाणींसाठी ओळखलं जायचं. तिचे वडील जॉर्ज काचेच्या कारखान्यात मजूर होते. आईचं नाव सारा. घरात सात भावंडं, लिली चौथी. घर भाड्याचं. हातावर पोट असणाऱ्या कुटुंबात जसं असतं तसंच सगळं.

त्या काळी मुलीनं शिवणटिपण शिकावं, स्वयंपाक शिकावा, थोडी मोठी झाली की कामाला लागावं, एवढीच अपेक्षा असायची. लिलीचं मन मात्र भावांच्या खेळात. घराजवळच्या मोकळ्या पडीक जागेवर भाऊ फुटबॉल खेळायचे, रग्बी खेळायचे. ही त्यांच्यात घुसायची. पोरांच्यात खेळताना कुणी पोरगी म्हणून सवलत देत नाही. धक्का बसला की पडायचं, उठायचं आणि परत धावायचं. चेंडूला जोरात आणि नेमकी लाथ कशी मारायची, हे ती तिथंच शिकली. तिला ना कुणी प्रशिक्षक होता ना शाळेत मुलींसाठी कुठला संघ. मोकळी जागा आणि भाऊ, एवढ्यावरच तिची तयारी झाली.

युद्ध आलं आणि बायका कारखान्यात गेल्या

१९१४ मध्ये पहिलं महायुद्ध सुरू झालं. गावोगावचे तरुण सैन्यात गेले. कारखान्यांत माणसं उरली नाहीत. तोफगोळे तर रात्रंदिवस बनवावे लागत होते. मग ते काम बायकांच्या हातात आलं. जड वजनं उचलणं, यंत्रं चालवणं, दारूगोळ्याजवळ उभं राहणं, सगळं बायका करू लागल्या.

सेंट हेलेन्सच्या उत्तरेला चाळीसेक किलोमीटरवर प्रेस्टन हे गाव. तिथं डिक, कर आणि कंपनी नावाचा कारखाना होता. आधी तिथं ट्राम आणि रेल्वेचं सामान तयार व्हायचं. युद्धात तोफगोळे बनू लागले. जेवणाच्या सुट्टीत तिथल्या मुली अंगणात चेंडू खेळायच्या. १९१७ मध्ये कारखान्यातल्या पुरुषांचा संघ सारखा हरत होता. मुलींनी त्यांची टिंगल केली आणि त्यातूनच पैज लागली. ग्रेस सिबर्ट नावाच्या कामगार बाईनं मुलींना गोळा केलं आणि पुरुषांविरुद्ध सामना झाला.

कचेरीत काम करणारा आल्फ्रेड फ्रँकलँड हा माणूस वरून हा खेळ बघायचा. या पोरींमध्ये दम आहे, हे त्याच्या ध्यानात आलं. त्यानं त्यांचा रीतसर संघ उभा केला. कारखान्याच्या नावावरून तो डिक, कर लेडीज म्हणून ओळखला जाऊ लागला. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे सदरे, डोक्यावर तशाच पट्ट्यांच्या टोप्या, हा त्यांचा पोशाख.

१९१७ च्या नाताळाच्या दिवशी प्रेस्टनमधलं डीपडेल मैदान भाड्यानं घेऊन त्यांनी सामना ठेवला. समोर दुसऱ्या एका कारखान्यातल्या मुली होत्या. १० हजार लोक आले. डिक, करच्या मुली ४-० नं जिंकल्या. गेटवर जमलेल्या पैशातून जखमी सैनिकांच्या रुग्णालयासाठी सुमारे २०० पौंड उभे राहिले. त्या दिवसांत ही रक्कम मोठी होती. पुढंही हा संघ असाच खेळत राहिला. सामना बायकांचा, तिकिटाचा पैसा रुग्णालयाला, जखमी सैनिकांना, बेकारांना.

पंधरा वर्षांची लिली संघात

१९१८ मध्ये युद्ध संपलं. पुरुष परत आले. बऱ्याच कारखान्यांनी बायकांना घरी पाठवलं. पण फुटबॉल थांबला नाही, उलट वाढला. गावोगाव बायकांचे संघ निघाले. सेंट हेलेन्समध्येही निघाला आणि लिली त्यात खेळू लागली.

१९२० मध्ये या संघाची गाठ डिक, करशी पडली. सेंट हेलेन्सचा संघ हरला, पण फ्रँकलँडच्या नजरेत दोन मुली भरल्या. एक ॲलिस वुड्स आणि दुसरी लिली पार. त्यानं दोघींना आपल्या संघात बोलावलं. लिली प्रेस्टनला आली. कारखान्यात काम मिळालं, संघातली मैत्रीण ॲलिस नॉरिस हिच्या घरी राहायची सोय झाली. वय चौदा-पंधराचं, आणि घर सोडून परगावी कामाला. गरीब घरातल्या मुलीसाठी ही मोठी उडी होती.

खेळाडूंना एका सामन्यामागं दहा शिलिंग म्हणजे अर्धा पौंड मिळायचा. तो पगार नव्हता. सामन्यासाठी कामावर खाडा व्हायचा, प्रवास करावा लागायचा, त्याची ही भरपाई. लिलीला वुडबाइन सिगारेट फार आवडायची. तिच्या भत्त्याचा काही भाग सिगारेटच्या पाकिटांत दिला जायचा, असंही सांगितलं जातं.

फुटबॉल जाणणाऱ्यांना ठाऊक असतं की कडेनं खेळणाऱ्या खेळाडूचं काम अवघड. चेंडू घेऊन रेषेजवळून पळायचं, समोरच्याला चुकवायचं आणि ऐन वेळी चेंडू मधे टाकायचा. लिली डाव्या कडेला खेळायची. तिची खासियत अशी की ती नुसता चेंडू मधे टाकायची नाही, तर लांबून सरळ गोलावरही मारायची. त्या काळचा चेंडू कातड्याचा असे. पावसात भिजला की पाणी पिऊन जड व्हायचा. चांगल्या चांगल्या पुरुषांनाही तो लांब मारता येत नसे. लिलीच्या पायातून तो सणसणत जायचा. एका पुरुष गोलरक्षकानं तिला गोल मारून दाखव म्हणून डिवचलं आणि तिचा फटका अडवताना त्याचा हात मोडला, अशी एक कथा तिच्याबद्दल आजही सांगतात. पहिल्याच हंगामात तिच्या नावावर ४३ गोल जमा झाले, असं मानलं जातं.

अंधारात सामना, पांढरा चेंडू

१९२० हे वर्ष या संघासाठी भरभराटीचं गेलं. फ्रान्समधून बायकांचा संघ इंग्लंडला आला. दोन देशांच्या बायकांमधले हे सामने बघायला डीपडेलवर २५ हजार लोक जमले. नंतर डिक, करचा संघही फ्रान्सला जाऊन खेळला.

त्याच डिसेंबरात एक अजब सामना झाला. १६ डिसेंबर १९२० ला डीपडेलवर रात्रीचा सामना ठरला. आज आपल्याला फ्लडलाइटचं काही वाटत नाही, पण शंभर वर्षांपूर्वी रात्री मैदानावर उजेड आणायचा कुठून? युद्धात शत्रूची विमानं शोधायला वापरत ते सैन्याचे प्रकाशझोत मागितले गेले. त्यासाठी सरकारची परवानगी लागत होती. त्या वेळचे युद्धमंत्री विन्स्टन चर्चिल यांनी ती दिली. चेंडू दिसावा म्हणून पांढरा रंगवला. १२ हजार लोक थंडीत बघायला उभे राहिले. जमलेला पैसा कामधंदा नसलेल्या माजी सैनिकांसाठी गेला.

आणि मग नाताळनंतरचा तो गुडिसन पार्कचा सामना. लिलीसाठी हा सामना वेगळा होता, कारण समोर तिचंच जुनं गाव, जुना संघ होता. प्रेस्टनची मुख्य गोल करणारी खेळाडू फ्लोरी रेडफर्ड हिची आगगाडी चुकली. पहिल्या अर्ध्यात संघ अडखळला. दुसऱ्या अर्ध्यात कर्णधार ॲलिस केल मागची जागा सोडून पुढं आली आणि तिनं तीन गोल मारले. सामना ४-० नं संपला. त्या एका दिवसात धर्मादाय कामासाठी ३ हजार ११५ पौंड गोळा झाले.

या सामन्याची ५३ हजारांची गर्दी किती मोठी होती, हे एका गोष्टीवरून कळेल. बायकांच्या दोन क्लबांच्या सामन्याला याहून जास्त प्रेक्षक जमायला २०१९ साल उजाडावं लागलं. तो सामना स्पेनमध्ये माद्रिदला झाला.

५ डिसेंबर १९२१

१९२१ मध्ये डिक, करच्या मुलींनी ६७ सामने खेळले. एकूण ९ लाखांच्या आसपास लोकांनी ते बघितले. आठवडाभर कारखान्यात काम, सुट्टी झाली की गाडी, दुसऱ्या गावात सामना, परत गाडी आणि सकाळी पुन्हा कामावर. असा तो रगाडा होता. मे महिन्यात फ्रान्सचा संघ पुन्हा आला तेव्हा एका सामन्यात डिक, करनं ५-१ नं विजय मिळवला. पाचही गोल एकट्या लिलीचे. तेव्हा ती सोळा वर्षांची होती.

पण वारं फिरू लागलं होतं. युद्ध चालू होतं तेव्हा बायकांचं कौतुक होतं, कारण त्यांची गरज होती. युद्ध संपल्यावर बायकांनी परत घर सांभाळावं, असं वरच्या लोकांना वाटू लागलं. काही डॉक्टर सांगू लागले की फुटबॉल बायकांच्या शरीराला झेपणार नाही. तोफगोळे उचलताना ही काळजी कुणाला वाटली नव्हती.

दुसरं कारण पैशाचं होतं. युद्धकाळात सैनिकांसाठी पैसा जमवला तर कुणाची हरकत नव्हती. १९२१ मध्ये खाणमालक आणि खाणकामगार यांच्यात मोठा झगडा झाला. मजुरी कमी केली ती कामगारांनी मान्य केली नाही, म्हणून मालकांनी खाणींना कुलूप लावलं. कामगारांच्या घरात चूल पेटेना. तेव्हा बायकांचे सामने या कुटुंबांसाठीही होऊ लागले. ही गोष्ट बऱ्याच बड्या लोकांना रुचली नाही, असं काही अभ्यासक म्हणतात. शिवाय बायकांच्या सामन्यांना इतकी गर्दी होते, मग पुरुषांच्या क्लबांचं काय, ही धास्तीही होतीच.

५ डिसेंबर १९२१ ला इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशननं ठराव केला. फुटबॉल हा बायकांना शोभणारा खेळ नाही आणि त्याला उत्तेजन देऊ नये, असा त्याचा आशय. सामन्यांतून जमलेल्या पैशातला फार मोठा हिस्सा खर्चाच्या नावाखाली जातो आणि दानाला कमी उरतो, असाही ठपका ठेवला. आणि आपल्या सदस्य क्लबांना हुकूम दिला की कुणीही आपलं मैदान बायकांच्या सामन्यांना द्यायचं नाही.

इथं एक बारकावा समजून घेतला पाहिजे. बायकांनी फुटबॉल खेळू नये, असा कायदा झाला नव्हता. खेळायला मोकळीक होती. फक्त मैदान काढून घेतलं. बसायच्या जागा असलेली, तिकीट लावता येणारी सगळी चांगली मैदानं संघटनेच्या क्लबांकडेच होती. मैदान नाही म्हणजे गर्दी नाही. गर्दी नाही म्हणजे पैसा नाही. पैसा नाही म्हणजे हळूहळू खेळही नाही. एखाद्याला शेत कसायला मनाई न करता पाणीच तोडावं, तसला हा प्रकार.

खर्चाच्या आरोपावर मुलींचं म्हणणं साधं होतं. त्या श्रीमंत घरच्या नव्हत्या. सामन्याला गेलं की कामाची मजुरी बुडायची. ती भरून मिळाली नाही तर त्या येणार कशा? पण ऐकून घेणारं कुणी नव्हतं. त्या वेळी इंग्लंडमध्ये बायकांचे दीडशेच्या आसपास संघ होते. काहींनी मिळून स्वतःची वेगळी संघटना काढली, पण ती टिकली नाही. बरेच संघ एकामागून एक बंद पडले.

डिक, कर लेडीज मात्र टिकून राहिल्या.

समुद्र ओलांडून पुरुषांशी लढत

सप्टेंबर १९२२ मध्ये हा संघ बोटीनं कॅनडाला गेला. तिकडं उतरल्यावर कळलं की तिथल्या फुटबॉल संघटनेनंही त्यांना खेळायला नकार दिलाय. मग त्या अमेरिकेत गेल्या. तिथं त्यांच्यासमोर बायकांचे संघ नव्हतेच. सामने ठरले होते ते पुरुषांच्या संघांशी.

मुली मागं हटल्या नाहीत. पॅटरसन गावात पहिला सामना ६-३ नं हरल्या. वॉशिंग्टनमध्ये ४-४ अशी बरोबरी. न्यू बेडफर्डमध्ये ५-४ नं विजय. न्यू यॉर्कमध्ये एका संघाला ८-४ नं हरवलं. बाल्टिमोरमध्ये ४-३ नं जिंकल्या. एकूण नऊ सामने झाले. तीन जिंकले, तीन हरले, तीन बरोबरीत. सगळे पुरुषांविरुद्ध. ज्यांच्या शरीराला फुटबॉल झेपणार नाही असं ठरवलं गेलं होतं, त्यांचा हा हिशेब आहे.

त्याच दौऱ्यात फिलाडेल्फियात अमेरिकेच्या नामांकित धावपटू मुलींशी रिले शर्यत लागली. प्रेस्टनच्या चार फुटबॉल खेळाडू धावल्या, त्यात लिलीही होती. शर्यत प्रेस्टनच्या मुलींनीच जिंकली.

रुग्णालयाची नोकरी आणि रविवारचा चेंडू

परत आल्यावर मात्र गुडिसन पार्कसारखे दिवस नव्हते. सामने व्हायचे ते उद्यानात, रग्बीच्या नाहीतर धावण्याच्या मैदानावर, कुठल्या तरी मोकळ्या रानात. दोरी बांधून हद्द आखायची, लोक कडेनं उभे राहायचे. पण सामने होत राहिले आणि जमलेला पैसाही चांगल्या कामाला जात राहिला.

१९२६ च्या सुमारास कारखान्याचा आणि फ्रँकलँडचा बेबनाव झाला. कारखान्याचा आधार तुटला. फ्रँकलँडनं दुकान टाकलं आणि संघ स्वतःच्या हिमतीवर चालवला. नाव बदलून प्रेस्टन लेडीज झालं. लोक मात्र जुन्याच नावानं ओळखायचे.

लिलीचीही कारखान्यातली नोकरी गेली. तिनं परिचारिकेचं शिक्षण घेतलं आणि प्रेस्टनजवळच्या व्हिटिंगहॅम रुग्णालयात कामाला लागली. मानसिक रुग्णांचं हे फार मोठं रुग्णालय होतं. संघातल्या आणखी काही मुलीही तिथं कामाला होत्या. हे काम सोपं नसतं. रात्रपाळी असते, रुग्ण कधी शांत तर कधी अनावर. लिली हे काम निवृत्त होईपर्यंत करत राहिली आणि वॉर्डची प्रमुख परिचारिका झाली.

म्हणजे बघा. आठवडाभर रुग्णांची सेवा आणि सुट्टीच्या दिवशी चेंडू. वय पंचवीस झालं, तीस झालं, पस्तीस झालं, तरी तिचा हा क्रम चालू होता. बक्षीस नाही, पगार नाही, देशाचा सदरा नाही. पेपरात नाव यायचं तेही कमी होत गेलं. तरी डाव्या कडेला लिली उभी असायचीच.

१९३७ मध्ये स्कॉटलंडमधला एडिंबरा सिटी गर्ल्स हा संघही चांगला गाजत होता. दोन्ही संघांत सामना झाला. जो जिंकेल तो ब्रिटनचा आणि जगाचा विजेता, असं ठरवलं. प्रेस्टन लेडीज ५-१ नं जिंकल्या. लिली तेव्हा बत्तीस वर्षांची होती.

मग दुसरं महायुद्ध आलं. सामने जवळजवळ थांबले. युद्ध संपल्यावर १९४६ मध्ये संघ पुन्हा उभा राहिला तेव्हा कर्णधार लिलीच होती. तेव्हा तिचं वय एक्केचाळीस. सोबतच्या काही मुली ती संघात आली तेव्हा जन्मलेल्याही नव्हत्या.

१२ ऑगस्ट १९५० ला स्कॉटलंडच्या संघाविरुद्ध सामना झाला. प्रेस्टन लेडीजनी ११-१ असा विजय मिळवला. त्यातला एक गोल पंचेचाळीस वर्षांच्या लिलीचा होता. त्यानंतर लवकरच तिनं बूट उतरवले.

तीस-एकतीस वर्षांच्या खेळात तिनं नऊशेच्या वर गोल मारले, असं मानलं जातं. खेळाची नोंद ठेवणं हे ज्या संघटनेचं काम, तिनं तर या बायकांकडे पाठ फिरवली होती. म्हणून जी काही मोजदाद आहे ती वर्तमानपत्रांच्या कात्रणांतून आणि संघातल्या बायकांनी जपून ठेवलेल्या आठवणींतून आलेली आहे.

तिचा संघ १९६५ पर्यंत चालला आणि मग खेळाडू मिळेनात म्हणून बंद झाला. त्यांच्या ८२८ सामन्यांचा हिशेब सांगितला जातो. ७५८ विजय, ४६ बरोबरी आणि पराभव फक्त २४.

शेवटची वर्षं

व्हिटिंगहॅम रुग्णालयात काम करतानाच लिलीला मेरी नावाची जोडीदार भेटली. प्रेस्टनजवळच्या गूस्नार गावात दोघींनी घर घेतलं आणि शेवटपर्यंत एकत्र राहिल्या. त्या काळात दोन बायकांनी असं एकत्र संसार मांडणं समाजाला पचणारं नव्हतं. लिलीनं त्याची फिकीर केली नाही. आज इंग्लंडमध्ये तिच्याकडे आदरानं बघितलं जातं त्याचं हेही एक कारण आहे.

१९६७ मध्ये तिला स्तनाचा कर्करोग झाला. मोठी शस्त्रक्रिया करून दोन्ही स्तन काढावे लागले. त्यातूनही ती उठली आणि पुढं दहा वर्षं जगली.

ती हयात असतानाच १९७१ मध्ये बायकांवरची मैदानबंदी उठली. बंदी आली तेव्हा लिली सोळा वर्षांची होती, उठली तेव्हा सहासष्ट. तिचं खेळायचं जवळजवळ सगळं आयुष्य त्या दोन तारखांच्या मधे गेलं. १९७२ च्या नोव्हेंबरमध्ये इंग्लंडच्या बायकांचा पहिला अधिकृत आंतरराष्ट्रीय सामना स्कॉटलंडशी झाला. इंग्लंड ३-२ नं जिंकलं.

२४ मे १९७८ ला गूस्नारच्या घरी लिलीचं निधन झालं. वय ७३. तिला तिच्या जन्मगावी, सेंट हेलेन्सला पुरलं. ज्या गावाच्या पडीक जागेवर भावांबरोबर खेळली, त्याच गावच्या मातीत.

उशिरा आलेला मान

२००२ मध्ये इंग्लंडच्या राष्ट्रीय फुटबॉल संग्रहालयानं थोर खेळाडूंची यादी तयार केली. त्या पहिल्या यादीत एकच बाई होती, लिली पार. तेव्हा हे संग्रहालय प्रेस्टनमध्येच होतं, नाताळच्या दिवशी पहिला सामना झाला त्या डीपडेल मैदानाला लागून. २००८ मध्ये फुटबॉल असोसिएशननं त्या जुन्या बंदीबद्दल माफी मागितली. २०१९ मध्ये मँचेस्टरला हलवलेल्या संग्रहालयात लिलीचा पुतळा बसवला. ब्रिटनमध्ये एखाद्या महिला फुटबॉल खेळाडूचा हा पहिलाच पुतळा.

३१ जुलै २०२२ ला लंडनच्या वेम्बली मैदानावर इंग्लंडच्या मुलींनी युरोपचं अजिंक्यपद जिंकलं. ८७ हजार १९२ लोक मैदानात होते. अख्खा देश टीव्हीसमोर बसला होता. त्या मुलींना पगार होता, प्रशिक्षक होते, डॉक्टर होते, आणि मुख्य म्हणजे मैदान होतं.

लिलीला यातलं फक्त मैदान मिळालं होतं. तेही थोडे दिवस. मैदान होतं तेव्हा ५३ हजार लोक तिच्या संघाचा खेळ बघायला आले. मैदान काढून घेतलं तेव्हा ती उद्यानात खेळली. कुठल्याही गावात शाळेमागच्या मोकळ्या जागेवर पोरं खेळत असतात आणि पोरी कडेला उभ्या राहून बघत असतात. सेंट हेलेन्सची एक पोरगी अशीच कडेला उभी राहिली नाही, भावांच्यात घुसली. पुढचं सगळं तिथून सुरू झालं.